हमालाच्या हुकापासून फोर्कलिफ्टपर्यंत, मधेच शिकणं कुठं राहून गेलं

सोलापुरात 1877 साली जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून कितीतरी वर्षं इथला माल माणसाच्या पाठीवर आणि हातगाडीवरच हलला. कापसाची आजची गठाण 170 किलोची असते, असलं वजन हलवायचं म्हणजे नवा पोरगा आधी जुन्या हमालाच्या मागं मागं फिरणार, हुक कसा लावायचा, थप्पी सरकायला लागली की कुठल्या बाजूला व्हायचं हे बघून बघून शिकणार. त्याला कुणी ट्रेनिंग म्हणत नव्हतं, पण होतं ते ट्रेनिंगच.

फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी दांड्यांवर (फोर्कवर) माल उचलणारी गाडी, आली आणि हे तुटलं. माझा मावसभाऊ टेम्पो चालवायचा, एका टॉवेलच्या कारखान्यात त्याला सांगितलं की तुला गाडी येते ना मग बस, आणि दुसऱ्या दिवसापासून तो सुताच्या पोत्यांचे पॅलेट (माल रचायच्या फळ्या) उचलायला लागला.

आता ही गाडी टेम्पोसारखी अजिबात नाही. हिची मागची चाकं वळतात, त्यामुळं वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि शेजारी उभा असलेला माणूस सापडतो. 2 टन उचलणारी गाडी स्वतःच 3 टनांच्या वर असते. पुढची दोन चाकं आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य असा एक त्रिकोण धरा, गाडी आणि माल मिळून वजनाचा जो मध्य असतो तो या त्रिकोणाच्या बाहेर गेला की गाडी कलंडते, आणि माल वर उचलून वळलात तर तो फार लवकर बाहेर जातो. म्हणून चालताना फोर्क जमिनीपासून जेमतेम वीतभर वर ठेवायचे, आणि भरलेली गाडी उतारावरून रिव्हर्समधेच खाली आणायची.

जगातही हे उशिराच कळलं. 1917 च्या सुमारास अमेरिकेत मिशिगनमधल्या क्लार्क कंपनीनं स्वतःच्या कारखान्यात माल हलवायला छोटी ट्रक बनवली, 1923 मधे येल कंपनीची फोर्क वर उचलणारी गाडी आली, दुसऱ्या महायुद्धात तर गोदामांत आणि बंदरांत या गाड्या भरपूर वापरल्या. पण ऑपरेटरला आधी वर्गात, मग प्रत्यक्ष गाडीवर शिकवा आणि दर 3 वर्षांनी परत तपासा, हा सविस्तर नियम अमेरिकेत 1999 मधे लागू झाला. म्हणजे मशीन आल्यावर 80 वर्षांनी!

आपल्याकडं 1984 ला भोपाळ झालं, त्यानंतर 1987 मधे कारखाने कायद्यात बदल करून कलम 7अ घातलं, कामगाराला सुरक्षेची माहिती आणि ट्रेनिंग देणं ही मालकाची जबाबदारी झाली, आणि कलम 111अ नं कामगाराला ते मागायचा हक्क दिला. 2025 मधे त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली, पण तोवर हा हक्क किती जणांना माहिती होता? त्यात सोलापूरच्या कारखान्यात कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी मराठी, आणि गाडीचं मॅन्युअल इंग्रजीत. न समजणाऱ्या भाषेत दिलेलं ट्रेनिंग मी ट्रेनिंग मानतच नाही.

मावसभाऊ पुढं चिंचोळी एमआयडीसीत दुसरीकडं लागला, तिथं त्याला आधी 2 दिवस शिकवलं. पहिलीच गोष्ट सांगितली की गाडी कलंडायला लागली तर उडी मारायची नाही, बेल्ट आधीपासून लावलेलाच हवा, स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि पडण्याच्या उलट्या बाजूला झुकायचं, कारण उडी मारणारा माणूस गाडीच्याच टपाखाली चिरडतो. आधीच्या ठिकाणी 8 महिने तो उडी मारायच्याच तयारीनं बसायचा.