पिवळ्या पिनपासून एचडीएमआयपर्यंत: टीव्हीच्या वायरींमागची गोष्ट

टीव्हीला कोणती वायर लावायची, या प्रश्नाचं मूळ १९५०च्या दशकातल्या एका तडजोडीत आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धत ठरली, तेव्हा घरोघरी कृष्णधवल संच होते. ते निकामी होऊन चालणार नव्हतं आणि चॅनेलची रुंदी वाढवायचीही सोय नव्हती. म्हणून उजेड-अंधाराचा सिग्नल तसाच ठेवून रंगांची माहिती त्याच्यातच मिसळली गेली. जर्मनीत टेलिफंकन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख यांनी विकसित केलेली पाल पद्धतही याच वाटेने गेली. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीनेच: ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं.

मिसळलेलं पुन्हा पूर्णपणे वेगळं करता येत नाही. लाल अक्षरांच्या कडेने ठिपके सरकताना दिसायचे, बारीक चौकड्यांच्या शर्टावर नसलेलं इंद्रधनुष्य उमटायचं, ते यामुळेच. पुढची जवळजवळ प्रत्येक वायर हा गुंता सोडवण्यासाठी आली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. गच्चीवरच्या अँटेनातून खाली येणारी वायर कुठे ३०० ओहमची चपटी, तर कुठे ७५ ओहमची गोल कोअ‍ॅक्सियल. चपटी वायर लोखंडी पाइपाजवळून नेली किंवा पावसात भिजली की चित्र बिघडायचं. कोअ‍ॅक्सियलमधल्या तारेभोवती धातूची जाळी असते, त्यामुळे बाहेरचा गोंगाट आत शिरत नाही. नव्वदच्या दशकात केबलवाल्यांनी इमारतींवरून ओढलेली काळी वायर तीच.

कॅसेट चालवणारा व्हीसीआर टीव्हीच्या अँटेनाच्याच सॉकेटमध्ये लावला, तर तो आधी चित्राचं एखादं चॅनेल बनवायचा आणि टीव्ही ते पुन्हा उलगडायचा. पिवळ्या पिनेने, म्हणजे कंपोझिटने, हा फेरा वाचवला. रंगांची मिसळ मात्र तशीच राहिली.

१९८७ मध्ये जेव्हीसीच्या एस-व्हीएचएस या सुधारित व्हिडिओ कॅसेट पद्धतीबरोबर एस-व्हिडिओचं चार पिनांचं सॉकेट पुढे आलं. त्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून जातात. आपल्याकडे ते फारसं रुजलं नाही. फ्रान्समधून युरोपभर पसरलेला २१ पिनांचं स्कार्ट सॉकेटही नाही. खरा फरक पडला डीव्हीडीमुळे. तिच्यावर चित्र उजेड आणि रंगांचे दोन फरक अशा तीन भागांत साठवलेलं असतं. हिरव्या, निळ्या, लाल पिनांचा कॉम्पोनंट हे तीन भाग न मिसळता थेट टीव्हीला देतो.

कॉम्पोनंटमधून एचडी चित्रही जाऊ शकत होतं, आणि चित्रपट कंपन्यांना धास्ती नेमकी त्याचीच होती, कारण या वायरीवर कॉपी रोखणारं भक्कम कुलूप नव्हतं. डिसेंबर २००२ मध्ये सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची यांच्यासह सात कंपन्यांनी एचडीएमआय आणलं. एकाच वायरीत डिजिटल चित्र, आवाज आणि इंटेलने विकसित केलेलं एचडीसीपी नावाचं कुलूप, अशी त्याची रचना होती. ही वायर सोयीसाठी जितकी आली, तितकीच या कुलपासाठी, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१२ मध्ये मुंबईत आणि पुढे इतर शहरांत केबल डिजिटल झाली. सेट-टॉप बॉक्सबरोबर पिवळी-लाल-पांढरी वायर हाती पडली आणि अनेक घरांत तीच नव्या सपाट टीव्हीला लागली. बॉक्स एचडी असला, तरी पिवळ्या पिनेतून ५७६ रेषांचंच चित्र येतं, तेही जुन्या मिसळीसकट. हौसेने पैसे साठवून घेतलेल्या टीव्हीवर लोक वर्षानुवर्षं असं चित्र पाहत राहिले, याचं मला वाईट वाटतं. एचडीएमआयचं सॉकेट शेजारीच रिकामं होतं.

एचडीएमआयमध्ये प्रश्नच बदलतो. सिग्नल कमी पडला तर रंग फिके होत नाहीत. चमकते ठिपके येतात नाहीतर पडदा काळा होतो. म्हणून सोन्याचा मुलामा आहे म्हणून रंग खुलतील, या दाव्यावर पैसे घालवू नयेत. पाहायचा तो वेग. २००९ च्या १.४ आवृत्तीत फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं, चित्र सेकंदाला ३० वेळाच जायचं. २०१३ च्या २.० मध्ये सेकंदाला १८ गिगाबिटांच्या वेगावर ते ६० वेळा जाऊ लागलं; २०१७ ची २.१ आवृत्ती ४८ गिगाबिटांची. वायरीच्या वेष्टनावर मात्र आवृत्तीपेक्षा वेगाचा शिक्का शोधावा. एचडी सेट-टॉप बॉक्सला ‘हाय स्पीड’ पुरते, फोर-के स्ट्रीमिंगला ‘प्रीमियम हाय स्पीड’ घ्यावी. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ची खरी गरज पडते ती सेकंदाला १२० चित्रं देणाऱ्या गेम कन्सोलला.

साउंडबार असेल तर तो एआरसी लिहिलेल्या पोर्टलाच जोडावा. टीव्हीचा आवाज उलटा बाहेर नेण्याची ही सोय १.४ पासूनची आहे. प्रोजेक्टरसाठी लांब वायर भिंतीतून न्यायची असेल तर तांब्याऐवजी ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी, एचडीएमआय बरी. तिला दिशा असते. कोणतं टोक बॉक्सकडे आणि कोणतं पडद्याकडे, हे प्लास्टर करण्याआधी चालवून पाहावं.