पार्श्वभूमी : वर्कर, सामायिक मेमरी आणि दोन हेडर

वर्कर म्हणजे पान चालवणाऱ्या मुख्य थ्रेडला न अडवता वेगळ्या थ्रेडवर चालणारा जावास्क्रिप्ट कोड. २००७ साली गूगलच्या गिअर्स या ब्राउझर प्लगइनमध्ये वर्करपूल आला. २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ आणि सफारी ४ यांनी वर्कर थेट ब्राउझरमध्येच दिला. नियम कडक होते: डॉम (पानावरचे घटक) नाही, मुख्य थ्रेडच्या व्हेरिएबलना हात लावायचा नाही, बोलणं फक्त पोस्टमेसेज या निरोप पाठवणाऱ्या फंक्शनमधून.

पोस्टमेसेज डेटाची प्रत पाठवतो. फंक्शनची प्रत होत नाही, म्हणून ते दिलं की डेटाक्लोनएरर. त्यावरचा जुना जुगाड म्हणजे टूस्ट्रिंगने फंक्शनचा मजकूर काढायचा, त्याचा ब्लॉब (मेमरीतला फाइलसारखा डेटा) करायचा आणि ब्लॉबची यूआरएल वर्करला द्यायची. क्लोजर, म्हणजे फंक्शनने धरून ठेवलेली बाहेरची व्हेरिएबल, मात्र मागेच राहतं. फंक्शन बाहेरचं व्हेरिएबल वापरत असेल तर वर्करमध्ये रेफरन्सएरर येतो. बंडलरने (फाइली एकत्र बांधणाऱ्या टूलने) आत आपलं हेल्पर घुसवलं असेल, तर लोकलला चालणारा कोड प्रॉडक्शनमध्ये पडतो. सीएसपीने, म्हणजे कुठला कोड चालू द्यायचा हे ठरवणाऱ्या साइटच्या सुरक्षा नियमांनी, ब्लॉब अडवला तर वर्कर सुरूच होत नाही.

प्रतही फुकट नसते. वाशीच्या एपीएमसीतल्या वर्षभराच्या आवक-दरांचा अ‍ॅरे पाठवला, तर त्याचं सिरियलायझेशन (प्रत पाठवण्यासाठीचं रूपांतर) मुख्य थ्रेडवरच होतं आणि पान तिथेच अडकतं. अ‍ॅरेबफर ट्रान्सफर केला, म्हणजे कच्च्या बाइटचा तो साठाच वर्करला देऊन टाकला, तर प्रत टळते. पाठवणाऱ्याकडे मात्र त्याची बाइटलेंग्थ ० होते.

म्हणून २०१७ मध्ये दोन्ही थ्रेडना एकच मेमरी वापरू देणारा शेअर्डअ‍ॅरेबफर आला आणि काही महिन्यांतच, जानेवारी २०१८ मध्ये, स्पेक्टरमुळे बंद झाला. स्पेक्टर म्हणजे सूक्ष्म वेळ मोजून मेमरीतला गुप्त डेटा ओळखणारा, प्रोसेसरच्या त्रुटीवरचा हल्ला. वर्करने सामायिक मेमरीत एक काउंटर सतत वाढवत ठेवला की हल्लेखोराच्या हाती अतिसूक्ष्म घड्याळ येतं. त्यामुळे बंदी रास्तच होती. वाद आहे तो परतीच्या अटींचा. फायरफॉक्स ७९ ने २०२० मध्ये आणि डेस्कटॉपवरच्या क्रोम ९२ ने २०२१ मध्ये सामायिक मेमरीसाठी कूप आणि कोएप हे दोन हेडर (सर्व्हरने पानासोबत ब्राउझरला पाठवायच्या सूचना) सक्तीचे केले. कोएपला रिक्वायर-कॉर्प दिलं की परक्या ओरिजिनच्या, म्हणजे दुसऱ्या साइटच्या, प्रत्येक फाइलला कॉर्प हेडर किंवा कॉर्स, म्हणजे तिच्या सर्व्हरची परवानगी, लागते. कूप सेम-ओरिजिन केलं की पेमेंट किंवा लॉगिनच्या पॉपअपचं ओपनरशी, म्हणजे तो उघडणाऱ्या पानाशी, नातं तुटतं.

ऐरोली-महापेतल्या पाच जणांच्या टीमने स्वतःचा सर्व्हर नीट केलाही, पण नकाशा, चॅट आणि पेमेंटची आयफ्रेम दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून येतात. तिथले हेडर यांच्या हातात नाहीत. धोका सगळ्यांचा, भुर्दंड मात्र बहुतेक लहानांनाच. हे हेडर जमल्याचं सांगणारं क्रॉसओरिजिनआयसोलेटेड ट्रू येत नाही तोवर सामायिक मेमरी विसरायची.

फंक्शनचा प्रश्न त्यामानाने गुपचूप सुटला. इम्पोर्ट वापरू देणारा मॉड्यूल वर्कर क्रोम ८० मध्ये आला, फायरफॉक्स ११४ मध्ये २०२३ साली. आता फंक्शन वेगळ्या फाइलीत ठेवून दोन्हीकडून इम्पोर्ट करता येतं.