ओपीजीच्या खालच्या कडेला दिसणारी हाडांची झीज

अक्कलदाढ दुखते, कवळी करायची असते किंवा इम्प्लांट बसवायचा असतो, तेव्हा दंतवैद्य ‘ओपीजी काढून आणा’ म्हणतात. दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा हा रुंद एक्स-रे निघतो, दातांची मुळं तपासली जातात आणि फिल्म पाकिटात जाते. पण त्याच फिल्मवर खालच्या जबड्याच्या तळाशी एक पांढरी पट्टी असते. पाळी गेलेल्या बाईची मणक्याची आणि खुब्याची हाडं ठिसूळ होत आहेत का, याचा अंदाज ती देऊ शकते. यामागे साठ वर्षांहून जास्त काळाचं संशोधन आहे. ते अजून रोजच्या दवाखान्यात उतरलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

राँटगेन यांनी नोव्हेंबर 1895 मध्ये क्ष-किरण शोधले. काही आठवड्यांतच, जानेवारी 1896 मध्ये, जर्मनीतल्या ऑटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा एक्स-रे घेतला. त्यासाठी त्यांना 25 मिनिटं किरणांसमोर राहावं लागलं. पुढची कित्येक वर्षं दातांचा एक्स-रे म्हणजे तोंडात धरायची छोटी फिल्म. तिच्यावर दोन-चार दात येत, जबड्याची खालची कडा येत नसे. फिनलंडच्या यिर्यो पाटेरो यांनी 1940 आणि 50च्या दशकांत यंत्र आणि फिल्म डोक्याभोवती फिरवून संपूर्ण जबडा टिपायची पद्धत बसवली. साठच्या दशकात ही यंत्रं बाजारात आली आणि ती कडा दंतवैद्यांच्या नजरेसमोर आली.

ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याच्या आजाराची, ओळख वेगळ्या वाटेने झाली. पाळी थांबल्यावर हाडं विरळ का होतात, हे अमेरिकेच्या फुलर ऑलब्राइट यांनी 1941च्या सुमारास मांडलं. मोजायचं कसं, हा प्रश्न मात्र राहिला, कारण साध्या एक्स-रेवर झीज नजरेला दिसेपर्यंत हाडाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक गेलेला असतो. 1970 मध्ये भारतीय डॉक्टर मनमोहन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याच्या एक्स-रेवरील हाडाच्या रेषा पाहून श्रेणी ठरवायची रीत दिली. ती ‘सिंग इंडेक्स’ म्हणून जगभर शिकवली गेली. 1980च्या दशकाच्या अखेरीस डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी, आला. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या आकड्यावर व्याख्या बांधली: टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती कमी, हे सांगणारा आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस.

जबडा आणि बाकीचा सांगाडा यांचं नातं 1960च्या सुमारासच वैद्यकीय लिखाणात आलं होतं. अडचण होती ती नेमकं कुठे पाहायचं याची. दातांभोवतीचं हाड फसवं असतं. दात काढला की ते आक्रसतं, हिरड्यांच्या आजाराने झडतं, चावण्याच्या जोरानेही बदलतं. म्हणून संशोधक तिथून खाली सरकले. हनुवटीच्या बाजूला जिथून नस बाहेर पडते, त्या मेंटल फोरॅमेन नावाच्या छिद्राच्या बरोबर खाली जबड्याचं बाहेरचं टणक कवच असतं; फिल्मवरची पांढरी पट्टी ती हीच. त्यावर दातांच्या भानगडींचा परिणाम कमी होतो. 1991 मध्ये बेन्सन आणि सहकाऱ्यांनी या जागेवरून निर्देशांक मांडला. 1994 मध्ये फिनलंडच्या क्लेमेट्टी यांनी मोजपट्टीचीही गरज न ठेवता तीन वर्ग केले. कवचाची आतली कडा सरळ आणि स्वच्छ असेल तर सी-1, तिच्यात अर्धचंद्रासारख्या खाचा पडल्या तर सी-2, आणि कवच थराथरांनी सुटून पोखरल्यासारखं दिसलं तर सी-3. जपानमध्ये अकिरा तागुची आणि हिरोशिमातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही खूण गल्लीतला साधा दंतवैद्यही ओळखू शकतो. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच.

मग युरोपात ‘ऑस्टिओडेंट’ हा प्रकल्प झाला. मँचेस्टरचे कीथ हॉर्नर आणि ह्यू डेव्हलिन त्यात पुढे होते. 45 ते 70 वयाच्या 671 स्त्रियांच्या ओपीजी आणि डेक्सा शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. निष्कर्ष सावध होता: कवच 3 मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर त्या बाईला पुढच्या तपासणीला पाठवावं. पातळ कवच म्हणजे निदान नव्हे. काहींचं कवच पातळ असूनही डेक्सा बरा येतो, काहींचा आजार कवचावर दिसतच नाही. म्हणून केवळ हाडांसाठी ओपीजी काढू नये. दुसऱ्या कारणाने काढलेली असेल तर ती पूर्ण वाचावी, एवढंच. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये 1968 पासून पाठपुरावा झालेल्या स्त्रियांच्या अभ्यासातही, ज्यांच्या जबड्यातलं आतलं हाड विरळ होतं त्यांना पुढे फ्रॅक्चर जास्त झाले, असं 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. अलीकडे संगणकाला ही पट्टी ओळखायला शिकवलं जात आहे.

गोव्यासाठी हा विषय दूरचा नाही. 2011च्या जनगणनेत साठीपुढच्यांचं प्रमाण देशात 8.6 टक्के होतं, गोव्यात 11.2 टक्के, केरळनंतर आपलाच क्रमांक. डिचोली-सत्तरीच्या गावांतून डेक्सासाठी वाट वाकडी करणारी बाई विरळाच, पण दाढ ठणकली की ती दवाखाना गाठतेच. राज्याचं दंत महाविद्यालय 1980 पासून आहे, आणि 1842 च्या पोर्तुगीजकालीन वैद्यक शाळेचा वारसा सांगणारं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयही तिथेच, बांबोळीत. दंतविभागाच्या चिठ्ठीवर ‘कवच सी-3, हाडांची तपासणी करावी’ अशी एक ओळ आली तर ती रुग्णाला काही पावलांवर नेता येते. यंत्र नवं लागत नाही, खर्च वाढत नाही.

ही चिठ्ठी उलट दिशेनेही जायला हवी. हाडं घट्ट करणाऱ्या बिस्फॉस्फोनेट औषधांमुळे काही रुग्णांत, मुख्यतः कर्करोगासाठी मोठे डोस घेणाऱ्यांत, दात काढल्यावर जबड्याचं हाड मरतं, हे 2003 मध्ये मायामीच्या रॉबर्ट मार्क्स यांनी निदर्शनास आणलं. ऑस्टिओपोरोसिसच्या गोळ्यांनी असं क्वचितच घडतं, आणि त्या भीतीने औषध मनानेच बंद करणं जास्त घातक. पण गोळी सुरू होण्याआधी किडलेली दाढ काढून घेणं किंवा भरून घेणं सोपं असतं, आणि गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी ते दंतवैद्याच्या कानावर घालायला हवं.