कोकणच्या बोटी : कोणी चालवल्या, कोणी विकत घेतल्या

मुंबई-कोकण जलवाहतूक पुन्हा सुरू करायची चर्चा निघाली की 'पूर्वी बोटी होत्या, मग रेल्वे आली आणि त्या बंद पडल्या' असं ठरलेलं वाक्य ऐकू येतं. ते अपुरं तर आहेच, पण क्रमही चुकवतं. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी या धंद्याचे मालक पुन्हा पुन्हा बदलले होते, आणि बोटींचं पुढे काय झालं ते त्या बदलांकडे पाहिल्याशिवाय नीट समजत नाही.

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदरं आणि बोटीतून पडावात, म्हणजे किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या लहान होडीत, उतरायची कसरत वाचकांना ठाऊक आहे, म्हणून ते सोडून देतो. एकोणिसाव्या शतकात या मार्गावर इंग्रज कंपन्यांचं राज्य होतं. १९०६ मध्ये, स्वदेशीच्या ऐन भरात, भारतीय भांडवलावर एक सहकारी कंपनी निघाली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. 'तुकाराम', 'रामदास', 'सेंट झेवियर' अशी तिच्या बोटींची नावं होती. वारकऱ्यांच्या घरातला चाकरमानी आणि गोव्याकडे जाणारा ख्रिस्ती प्रवासी या दोघांनाही बोट आपली वाटावी, असाच हा हिशेब दिसतो. आज याला 'ब्रँड' म्हणतात. तेव्हा ती श्रद्धाही होती आणि व्यापारही, आणि त्यातलं काय किती होतं हे वेगळं करू नये असं माझं मत आहे.

समुद्राला अर्थातच नावाचं सोयरसुतक नव्हतं. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडच्या किनाऱ्यावर ती आठवण अजून निघते.

एकीकडे कंपन्या विकत घेणंही चालू होतं. देशातल्या सर्वात मोठ्या स्वदेशी जहाजकंपनीने, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनने, कोकण मार्गावरची मातब्बर जुनी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी हळूहळू आपल्या ताब्यात आणली आणि पुढे आणखी एका लहान कंपनीसह ती स्वतःत विलीन केली. मग, ऑगस्ट १९५३ मध्ये, एक चमत्कारिक गोष्ट घडली. किनाऱ्यावरची प्रवासी आणि फेरी वाहतूक बाजूला काढून तिच्यासाठी एक नवी कंपनी उभारली गेली. नाव जुन्याच कंपनीचं ठेवलं, फक्त कंसात १९५३ जोडलं. बोटी आणि मालमत्ता सिंदियाने या नव्या कंपनीला विकल्या. किंमत काही शेअरच्या रूपात चुकती झाली आणि उरलेली रक्कम कर्ज समजून तिच्यावर सहा टक्के व्याज ठरलं.

वाद पेटला तो या व्याजावरून. नव्या कंपनीने ते खर्चात दाखवलं, आयकर खात्याने नाकारलं. खात्याच्या मते हे धंद्यासाठी काढलेलं कर्ज नव्हतं. उच्च न्यायालयातही कंपनी हरली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, तो करसल्लागार आजही उद्धृत करतात. मालाची राहिलेली किंमत म्हणजे उसनं घेतलेलं भांडवल नव्हे, हे खात्याचं म्हणणं न्यायालयाने मान्य केलं. पण धंदा चालवायला ज्या बोटी घेतल्या त्यांच्या थकबाकीवरचं व्याज हा धंद्याचाच खर्च आहे, असं म्हणून वजावट मात्र दिली. म्हणजे खात्याचा मुद्दा बरोबर ठरला आणि पैसे कंपनीला मिळाले.

कायद्याच्या पुस्तकात विषय तिथे संपतो. कोकणच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न वेगळा आहे. पावसाळ्यात बंद राहणारी आणि सणासुदीला तुडुंब भरणारी वाहतूक वेगळी काढायची आणि तिच्या माथी खरेदीची बाकी ठेवायची, यामागे काय होतं? हिशेब स्वच्छ ठेवायचे होते की जोखीम दूर ठेवायची होती? मला दुसरं अधिक पटतं. बाकी काही नाही तरी जुनं, लोकांच्या तोंडी असलेलं नाव टिकवायची काळजी तेवढी घेतली गेली.

पुढचं भराभर झालं. साठच्या दशकात गोव्याच्या एका उद्योगसमूहाच्या 'रोहिणी' आणि 'सरिता' धावू लागल्या. त्यानंतर सरकारी मालकीच्या कंपनीची 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' आली. ऐंशीच्या दशकात ती कंपनीच मोठ्या सरकारी जहाजकंपनीत विलीन झाली आणि तिथे कोकणचे प्रवासी हा किरकोळ विषय होता. एसटी तोवर गावोगाव पोचली होती. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला, तोवर बोटीचा बाजार उठलेलाच होता.

दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले, तवसाळ-जयगड या खाड्यांवरच्या फेरीबोटी मात्र आजही चालतात. तिथे प्रवासी येतो तो खाडीला रस्त्याने घालावा लागणारा वळसा चुकतो म्हणून. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, म्हणजे मोटारींसकट प्रवासी नेणारी बोट, सुरू झाली. तीही मोटारी घेऊन अलिबागला जाणाऱ्यांच्या भरवशावर उभी आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या चाकरमान्याला तिचा उपयोग नाही.