कडकनाथची पिल्ले आणि त्यांचे पाय

फेब्रुवारीत पौडला मामीकडे गेलो, तेव्हा सुपात कडकनाथची म्हणून विकत आणलेली १५ अंडी मांडलेली होती आणि मामी एकेका अंड्यावर दोऱ्याला बांधलेली अंगठी धरून बसली होती. अंगठी गोल फिरली तर तलंग, सरळ झुलली तर कोंबडा. निकाल लागला की अंड्यावर पेन्सिलने ‘मा’ नाहीतर ‘न’. शेजारच्या काकू म्हणाल्या, एवढा खटाटोप कशाला, टोकदार अंड्यात कोंबडाच असतो. ॲरिस्टॉटलने मात्र नेमके उलटे लिहून ठेवले आहे: लांबट, टोकदार अंड्यातून मादी. दोघांचेही चूक आहे, आणि ते का चूक आहे ही मला जीवशास्त्रातली फार सुंदर गोष्ट वाटते.

माणसात बाईकडे एक्स-एक्स गुणसूत्रे आणि पुरुषाकडे एक्स-वाय, हे आपण शाळेत शिकलो. कोंबड्यांत याच्या उलट असते. कोंबडा झेड-झेड आणि कोंबडी झेड-डब्ल्यू. कोंबड्याचा प्रत्येक शुक्राणू झेडच घेऊन येतो, म्हणजे निवाडा कोंबडीकडे. बलक अंडाशयातून सुटण्याच्या तास-दोन तास आधी त्यावरच्या इवल्याशा केंद्रकाचे विभाजन होते आणि झेड किंवा डब्ल्यू यांतले एक बाहेर टाकले जाते. झेड राहिले तर नर, डब्ल्यू राहिले तर मादी. तोवर कोंबड्याचा शुक्राणू बलकापर्यंत पोचलेलाही नसतो. त्यानंतर बलक नळीतून उतरतो, त्याभोवती पांढरे चढते, पडदे चढतात, आणि मग कवच. या सगळ्याला सुमारे २४ ते २६ तास लागतात. अंड्याचा आकार ठरतो तो या नळीत, आणि तोवर आतल्या जिवाचे लिंग कधीच ठरून गेलेले असते.

(माणसात हा निवाडा पुरुषाच्या शुक्राणूकडे असतो. तरीही मुलीच झाल्या म्हणून सुनेला बोल लावणारी शिकली-सवरलेली घरे मी पुण्यात पाहिली आहेत. दहावीचे पुस्तक वाचलेल्या माणसाला हे शोभत नाही.)

कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची जात. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पिसे, तुरा, कातडी, मांस, हाडांवरचे आवरण, सगळे काळे. ही कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी उबवत नाही, त्यामुळे अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात किंवा यंत्रात. मी मामीकडची अंडी पुण्याला आणून थर्मोकोलच्या खोक्यात ठेवली. बल्ब, छोटा पंखा, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी. तापमान ३७.५ अंश, आर्द्रता ५० ते ५५ टक्के. दिवसातून पाच वेळा अंडी फिरवायची, नाहीतर भ्रूण पडद्याला चिकटतो. सातव्या रात्री न्हाणीघरात अंधार करून मोबाइलचा टॉर्च लावला. कवच फिकट बदामी असल्याने आतले छान दिसते: कोळ्यासारख्या पसरलेल्या लाल शिरा आणि मधोमध डोळ्याचा काळा ठिपका. दोन अंडी कोरी निघाली. अठराव्या दिवशी फिरवणे थांबवले, आर्द्रता ६५ च्या पुढे नेली आणि मधे जाळी घालून ‘मा’ची अंडी एकीकडे, ‘न’ची दुसरीकडे ठेवली. विसाव्या रात्री बंद कवचातून चिवचिव ऐकू आली. पिल्लू आतल्या हवेच्या कप्प्यात चोच घालून पहिला श्वास घेते तेव्हाचा तो आवाज. एकविसाव्या दिवशी ११ पिल्ले बाहेर आली. ‘मा’च्या बाजूच्या पिल्लांच्या पायात मी लाल दोरा बांधला.

आणि मग त्यांचे पाय पाहिले. काहींच्या पायांच्या नळ्या काळ्याभोर होत्या, काहींच्या फिकट. दोन-चार आठवड्यांत फरक लख्ख झाला. सहा पिल्ले काळ्या पायांची आणि पाच पांढुरक्या पायांची, कुठेकुठे काळसर डाग असलेली.

कडकनाथच्या काळेपणाला दोन जनुके लागतात. पहिले विसाव्या गुणसूत्रावर आहे. तिथला एक तुकडा दुबार झाला आहे, आणि त्यात रंगपेशींना ‘वाढा, पसरा’ असा संदेश देणारे ईडीएन-३ हे जनुक आहे. हे २०११ मध्ये उलगडले. संदेश जास्त, म्हणून रंगपेशी एरवी जात नाहीत तिथेही, म्हणजे स्नायूंत आणि हाडांवर जाऊन बसतात. असा दुबार तुकडा आई-बापांपैकी एकाकडून आला तरी काम भागते. दुसरे जनुक झेडवर आहे. कातडीच्या आतल्या थरात रंग येऊ न देणे हे त्याचे काम. शास्त्रज्ञ त्याला आयडी म्हणतात, मी लगाम म्हणतो. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबडीत हा लगाम असतो, कडकनाथमध्ये नसतो.

आता कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची कोंबडी घ्या. मुलीला झेड मिळते फक्त बापाकडून, कारण आईने तिला डब्ल्यू दिलेले असते. बापाकडे लगाम नाही, म्हणून मुलगी काळी. मुलाला एक झेड बापाचे आणि एक आईचे. आईच्या झेडवर लगाम आहे, म्हणून मुलगा फिकट. जोडी उलटी करा, कोंबडी कडकनाथ आणि कोंबडा पिवळ्या पायांचा. आता बापाचा लगाम सगळ्यांनाच मिळतो, मुले-मुली दोन्ही फिकट. दोघेही अस्सल कडकनाथ असतील तर सगळीच पिल्ले काळी, आणि पायांवरून नर-मादी कळणारच नाही. आईचेच पाय काळपट असले तरीही नाही. बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी सिल्की या काळ्या कातडीच्या कोंबड्यांत हे १९११ मध्ये दाखवले. शाळेतला चौकोनांचा तक्ता याच पनेटचा. कागदावर चार घरे काढून पाहा, मला ते दर वेळी नव्याने आवडते.

कडकनाथची काळी अंडी आणि काळे रक्त हे निव्वळ प्रचाराचे बोल. कडकनाथचे रक्त लालच असते, कारण त्यातही हिमोग्लोबिनच असते. याच प्रचाराच्या जोरावर कडकनाथपालनाच्या गुंतवणूक योजना निघाल्या आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या अनेक शेतकऱ्यांचे पैसे त्यात बुडाले. आधी जात ओळखायला शिका, मग पैसे घाला.

पिल्ले पहिल्या आठवड्यात ३५ अंशांत, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, कडेला पळाली तर उकडते आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी मानमोडी रोगाची लस. मोठी झाल्यावर ती पौडला मामीकडे गेली. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आत शिरत नाही. खाली भाताचे तूस, मोठ्या पक्ष्याला किमान दोन चौरस फूट, आणि मुंगसासाठी बारीक जाळी, जमिनीत फूटभर पुरलेली.

बाराव्या आठवड्यात मानेची पिसे पाहिली. नराची लांब, टोकदार असतात, मादीची गोलसर. पाचही फिकट पायांचे कोंबडे होते आणि सहाही काळ्या तलंगा. पेन्सिलचा निकाल अकरापैकी पाचांत बरोबर आला. मामीने अंगठी बोटात घातली आणि विचारले, मग आपण आणली ती कडकनाथची अंडी नव्हती का? दुसऱ्या दिवशी आम्ही विकणाऱ्याकडे गेलो. कोंबडा अस्सल कडकनाथ होता, जीभसुद्धा काळी. त्याच्याभोवती दाणे टिपणाऱ्या कोंबड्या काळ्या पिसांच्या होत्या, आणि पाय पिवळे.