डार्कव्हिजन असलं तरी मशाल घ्या
(टेबल बुक करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलांवर सगळ्यात जास्त वेळ ड्रॅगन मारण्यात जात असेल असं वाटतं ना? तो जातो "मला दिसतंय" आणि "तुला कसं दिसेल?" यात. टेबल तीन तासांचं. त्यातला अर्धा तास या वादात गेला की शेवटी काउंटरवर येऊन "काका, जरा वेळ वाढवून द्या ना" सुरू होतं. मागे पुढचा ग्रुप बॅगा घेऊन उभा असतो. म्हणून हा कागद.

कॅरेक्टर शीट, फासे, डीएम (म्हणजे खेळ चालवणारा) हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चाललोय. नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे. 2014 आणि 2024 च्या पुस्तकांत महत्त्वाचा फरक आहे तिथे तसं सांगितलंय.

सगळ्यात महाग पडणारी चूक एकच: डार्कव्हिजन (काही पात्रांची अंधारात बघायची शक्ती) म्हणजे रात्रीचा दिवस, अशी समजूत. "अंधारामां देखाय छे ने, काका!" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. देखाय छे, पण कसं ते वाचा. ठरलेल्या अंतरापर्यंत मंद उजेड हा लख्ख उजेडासारखा आणि पूर्ण अंधार हा मंद उजेडासारखा दिसतो, तोही नुसत्या करड्या छटांत. म्हणजे मिट्ट काळोखात डार्कव्हिजनवाल्या तुमच्या एल्फला मंद उजेडच मिळतो. आणि मंद उजेडात डोळ्यांनी करायच्या पर्सेप्शनला (काही दिसतंय का, या फाशाला) डिसॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. फासा न टाकता धरायचा पॅसिव्ह आकडा असेल तर सरळ पाच वजा.

शनिवारच्या एका ग्रुपचं सांगतो. नावं घेत नाही, वाचतील तेव्हा ओळखतील. एल्फ चोर पुढे, पॅसिव्ह पर्सेप्शन 14, मशाल घेतलेली नाही, "गरजच काय?" बोगद्यात घोट्याच्या उंचीवर तार, दिसायला 12 लागतात. अंधारामुळे 14 चे झाले 9. तार तुटली, वरून दगड आले आणि मग वीस मिनिटं डीएमवर अन्याय केल्याचा खटला चालला. डीएम बरोबर होता.

आता गंमत बघा. मशालीचा लख्ख उजेड 20 फूट, त्यापुढे आणखी 20 फूट मंद. माणसाला 20 फुटांनंतर डिसॅडव्हांटेज लागतं. पण एल्फच्या डोळ्यांना तो पुढचा मंद उजेडही लख्खच, म्हणजे तिला एकाच मशालीत 40 फूट, आमच्या नकाशावर आठ चौकोन, स्वच्छ दिसतात. नियमांत मशालीची किंमत एक तांब्याचं नाणं. तो ग्रुप तेवढं वाचवायला गेला आणि दगड खाल्ले. हां, मशाल शत्रूलाही लांबून दिसते हे खरंच. लपत जायचं असेल तर विझवा. पण ठरवून विझवा, विसरून नव्हे.

गेल्या पावसाळ्यात खेळ ऐन रंगात असताना लाइट गेली. मी टेबलाच्या एका टोकाला मेणबत्ती लावली आणि दुसऱ्या टोकाला दोन फासे ठेवले, एक मरून, एक हिरवा. "कोणता कुठला सांगा." आकार सगळ्यांना दिसत होते, रंग कोणालाच सांगता येईना. डार्कव्हिजनवाल्याला काळोखात दिसतं ते साधारण असं. त्या दिवसापासून त्या ग्रुपमध्ये "झेंडा लाल की निळा?" हा वाद झालेला नाही.

जुने खेळाडू, म्हणजे ज्यांनी मोठ्या भावाची पुस्तकं वाचलीत, ते म्हणतात की मशालीने एल्फची नजर बिघडते. ते जुन्या आवृत्त्यांतलं इन्फ्राव्हिजन, त्यात शरीराची उष्णता दिसायची. 2000 साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा ते गेलं. आता उजेडाने काही बिघडत नाही.

डार्कनेसचा मंत्र हा वेगळाच काळोख. 15 फूट त्रिज्येच्या त्या गोळ्यातून डार्कव्हिजन आरपार जात नाही. वॉरलॉककडे (हा जादूगाराचा एक प्रकार) डेव्हिल्स साइट ही शक्ती असेल तर त्याला दिसतं, बाकीच्यांनी बाहेर थांबावं. आणि धुकं म्हणजे अंधार नव्हे. फॉग क्लाउड या धुक्याच्या मंत्रात डार्कव्हिजनचा शून्य उपयोग.

ब्लाइंडसाइट म्हणजे आंधळी कोशिंबीर खेळणारा पोर, पण कधीच न चुकणारा. डोळे बांधा, दिवा विझवा, अदृश्य व्हा, त्याच्या ठरलेल्या अंतरात तो तुम्हाला धरणारच. भिंतीपलीकडचं मात्र नाही. 2014 च्या पुस्तकात वटवाघळाचं ब्लाइंडसाइट कानांवर चालतं, त्यामुळे ते बहिरं झालं की संपलं. हे लक्षात ठेवून एका मुलीने आख्खी गुहा सोडवली होती, तिला त्या दिवशीचा चहा आमच्याकडून.

ट्रेमरसेन्सवर (कंपनांवरून जागा ओळखायची शक्ती) मात्र खरे वाद होतात आणि त्यात थोडी चूक पुस्तकाच्या भाषेची आहे. 2014 मध्ये लिहिलंय की जमिनीतली कंपनं कुठून येतात ते कळतं. त्यावर लोक म्हणतात, "मी हललोच नाही." 2024 मध्ये वाक्य सुधारलं: त्याच पृष्ठभागाला टेकलेले प्राणी कळतात आणि हलणाऱ्या वस्तू कळतात. म्हणजे 'हलणाऱ्या' ही अट वस्तूंना, प्राण्यांना नाही. आमच्या टेबलांवर दोन्ही पुस्तकांना हाच अर्थ लावतो. श्वास रोखून उभे राहिलात तरी कळणार. उडत असाल तर नाही. छताच्या झुंबराला लटकला असाल तरी नाही, कारण छत म्हणजे जमीन नव्हे. लाकडी टेबलावर चढलात तर? आम्ही 'कळतं' म्हणतो. टेबलाचे पाय फरशीवरच आहेत ना! हा आमचा निवाडा आहे, पुस्तकात तुम्हाला सापडणार नाही. पटला नाही तर तुमच्या डीएमशी खेळ सुरू होण्याआधी बोला.

आणखी एक. जागा कळणं म्हणजे दिसणं नव्हे. 2024 मध्ये ट्रेमरसेन्स ही नजर मानलेली नाही हे स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे न दिसणाऱ्यावर वार केला तर डिसॅडव्हांटेज राहतंच आणि "जो दिसतोय त्याच्यावर" असं लिहिलेले मंत्र चालत नाहीत. 2024 चा ड्वार्फ घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. दगडावर उभं राहून दहा मिनिटं मिळणारा तुमचा ट्रेमरसेन्सही याच नियमाने चालतो.

ट्रूसाइट सगळ्यांत भारी: मंत्राचा काळोख, अदृश्य माणूस, दृष्टिभ्रम, रूप बदललेला राक्षस, सगळं उघडं पडतं. पण पडद्यामागे लपलेला चोर हा पडद्यामागे लपलेला चोरच.

काही जण विचारतात, खेळ चालू असताना मोबाइलवर नियम शोधू का देत नाही? एक जण शोधायला लागला की पाच जण रील्स बघायला लागतात, म्हणून. त्या वेळी डीएम म्हणेल ते चालतं, शंका कागदावर लिहून ठेवा, शेवटच्या दहा मिनिटांत पुस्तक उघडू. पुस्तकं काउंटरवरच आहेत. वादात गेलेला वेळ बिलातून वजा होत नाही, हे मात्र आधीच सांगितलेलं बरं.

शीटवर 'डार्कव्हिजन' एवढंच लिहू नका, पुढे फूटही लिहा. 60 की 120, याने बारा चौकोनांचा फरक पडतो. हे मोजायला आम्ही पारदर्शक अॅक्रिलिकच्या चकत्या कापून घेतल्यात, मशालीची वेगळी, मंत्राच्या काळोखाची वेगळी. मिनिएचरखाली ठेवली की वाद जागच्या जागी मिटतो. टेबल घेतलं की चकत्या वापरायला फुकट, घरी न्यायच्या असतील तर पाचांचा संच 250 रुपये. रविवारी सकाळी नवख्यांसाठी एक टेबल मोकळं ठेवतो, तिथे हेच सगळं खेळून दाखवतो.

सेव-उसळ खाली खाऊन मग वर या. तर्रीचा डाग नकाशावरून जात नाही.