फेरबदलाची नोटीस आणि बांधकामाची सूचना: महिना दोन्हीकडे, पण कुणाचा?

सार्वजनिक बांधकाम विभागाचं रस्ते-देखभाल यार्ड शेजारी येतंय असं कळलं की लोक हरकतीचा अर्ज घेऊन नगरपरिषदेत जातात. तिथे 'मुदत संपली' किंवा 'हा विषय आमच्याकडे नाही' असं उत्तर मिळतं, आणि आपल्याला टोलवलं असं वाटतं. बऱ्याचदा अर्ज खरा असतो, पण चुकीच्या टप्प्यावर पडलेला असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधल्या दोन वेगळ्या प्रक्रिया एकच समजल्या जातात: कलम 37 चा फेरबदल आणि कलम 58 खालची सूचना.

फेरबदल म्हणजे मंजूर विकास योजनेतला, म्हणजे शहरातली कुठली जागा कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशातला बदल. जागेवर बागेचं आरक्षण आहे आणि तिथे यार्ड करायचं आहे, तर आधी नकाशावरचं आरक्षण बदलावं लागतं. नगरपरिषद राजपत्रात नोटीस देते आणि नोटिशीच्या तारखेपासून एक महिना हरकती-सूचना घेते. हरकत कुणीही घेऊ शकतो, जमीनमालक असण्याची अट नाही. त्यानंतर सुनावणी होते आणि प्रस्ताव शासनाकडे जातो. नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन शासन तो मंजूर करतं, अटी घालतं किंवा नाकारतं. योजनेचं मूळ स्वरूप पालटेल असा बदल या कलमाखाली करता येत नाही. हरकतीतला हा सर्वांत भक्कम मुद्दा, आणि तोच लोक सहसा लिहीत नाहीत.

कलम 58 चा प्रश्न निराळा आहे. जागेचा वापर योजनेत बसतो असं गृहीत धरून शासनाचा विभाग नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे इथे नगरपरिषदेला, लेखी कळवतो की आम्ही इथे बांधकाम करणार आहोत. काम सुरू करण्याच्या किमान 30 दिवस आधी नकाशांसह हे पत्र यावं लागतं. प्रस्ताव योजनेला धरून नाही असं प्राधिकरणाचं मत पडलं, तर विभागाने आराखडा सुधारायचा किंवा प्रकरण शासनाकडे न्यायचं. शासनाचा निर्णय शेवटचा.

गोंधळ होतो तो इथेच. फेरबदलातला महिना नागरिकांचा असतो. कलम 58 मधले 30 दिवस नगरपरिषदेचे असतात, शेजाऱ्यांसाठी त्यात जाहीर नोटीस नाही. खाजगी बांधकामाच्या परवानगीच्या अर्जाचा 60 दिवसांचा नियमही लोक यात मिसळतात, पण तो कलम 45 चा. त्या परवानगीच्या निर्णयावरचं कलम 47 चं अपीलही अर्जदाराचं असतं, शेजाऱ्याचं नव्हे.

त्यात माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्याचा तिसरा महिना येतो. कलम 58 चं पत्र मिळवायला अर्ज टाकून उत्तराची वाट पाहिली, तर उत्तर येईपर्यंत नगरपरिषदेचे 30 दिवस उलटलेले असतात. म्हणून अर्ज जरूर टाका, पण त्याच दिवशी नगररचना विभागात मुद्देसूद पत्र देऊन पोच घ्या. ते तुमचं हरकतपत्र नाही, प्राधिकरणाने स्वतःची हरकत घ्यावी म्हणून दिलेलं साहित्य आहे. मजकूर त्या भाषेतच हवा.

कुठला टप्पा चालू आहे हे ओळखायला सातबारा पुरत नाही, त्यावरून आरक्षण कळत नाही. विकास योजनेत जागा कशासाठी दाखवली आहे ते सांगणारा झोन दाखला आणि योजनेचा तेवढ्या भागाचा नकाशा (भाग नकाशा) काढा. जागा आधीच सार्वजनिक वापराखाली दाखवलेली असेल, तर फेरबदल होणारच नाही आणि 'इथे यार्ड नको' हा मुद्दा निकाली निघाल्यासारखाच. उरतो तो 'यार्ड कसं असावं' हा प्रश्न, आणि तोही कमी महत्त्वाचा नाही.

रस्त्याच्या हद्दीत खड्डे बुजवायला किंवा जलवाहिनी दुरुस्त करायला शासनाला वा नगरपरिषदेला कलम 43 खाली परवानगी लागत नाही. ही सवलत यार्डाला लागू होते असं कधी कधी तोंडी सांगितलं जातं. होत नाही. ती रस्त्याच्या हद्दीतल्या कामाला आहे, ते काम जिथून चालतं त्या शेडला नाही. मोकळ्या प्लॉटवर एकही वीट न रचता खडीचे ढीग आणि रोलर कायमचे उभे केले, तरी जागेच्या वापरातला तो ठळक बदल 'विकास' याच व्याख्येत येतो.

आता स्थळ नकाशाकडे बघा. वाहनं धुण्याच्या रॅम्पचं पाणी तेल-पाणी विभाजक टाकीतून जाताना दाखवलेलं असतं, पण शेडच्या पन्हाळीचं पाणी कुठे जातं ते तपासा. 200 चौरस मीटर छतावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं. ते त्याच टाकीत सोडलं, तर वर तरंगणारं तेल थेट नाल्यात ढकललं जातं. पन्हाळी वेगळ्या गटाराला जोडलेल्या हव्यात. टाकीच्या बाहेर जाणाऱ्या नळाचं तोंड पाण्याच्या पातळीखाली वळवलेलं हवं, नाहीतर ती टाकी नुसता हौद ठरते.

डिझेलचा साठा एकूण 2500 लिटरपर्यंत आणि कुठलंही भांडं 1000 लिटरपेक्षा मोठं नसेल, तर पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही. नकाशात 5000 लिटरची टाकी असेल, तर परवान्याचं काय ते विचारा. जळकं तेल घातक कचरा आहे आणि 2016 च्या नियमांनुसार साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. त्याची पक्की, छप्पर असलेली जागा नकाशात असायला हवी. रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, त्यामुळे टिपर (खडी वाहणारे ट्रक) रात्री भरणार का, हेही लेखी विचारा.

'आम्हा सर्वांचा तीव्र विरोध आहे' अशा दोनशे सह्यांपेक्षा एका पानाचा अर्ज जास्त टिकतो: गट क्रमांक, नोटिशीचा क्रमांक व तारीख, रस्त्याची मोजलेली रुंदी, शाळेच्या फाटकापर्यंतचं अंतर, टिपर वळायला लागणारी जागा, आणि शक्य असल्यास पर्यायी जागेचा गट क्रमांक. सुनावणीला मोजमापाचा कच्चा नकाशा सोबत न्या आणि आपलं म्हणणं इतिवृत्तात आलं की नाही ते वाचूनच सही करा.